लढाया हॅनिबलने जिंकल्या, मग युद्ध स्किपिओने कसं जिंकलं?

कॅनीची लढाई हल्ली फोनवर दोन मिनिटांच्या ऍनिमेशनमध्ये बघायला मिळते. लाल ठोकळे, म्हणजे रोमन, पुढे सरकतात, हॅनिबलचे निळे ठोकळे मधून वाकत वाकत मागे जातात, मग दोन्ही बाजूंनी येऊन मिटतात आणि लाल ठोकळे संपतात. माझ्या भाच्याने ते बघितलं आणि लगेच विचारलं, मामा, एवढं भारी केल्यावर हा हॅनिबल हरला कसा? मी तेव्हा काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं, कारण दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नाहीच. म्हणून आता नीट बसून लिहितोय, त्याच्यासाठी आणि ज्यांना ज्यांना हा प्रश्न पडलाय त्या सगळ्यांसाठी. उत्तराचं नाव आहे रोमचा सेनापती पब्लियस कॉर्नेलियस स्किपिओ, आणि गंमत म्हणजे त्या ऍनिमेशनमधल्या लाल ठोकळ्यांत तो स्वतः होता.

आधी भांडण कुणाचं ते बघू

भूमध्य समुद्राच्या वरच्या बाजूला इटली, त्यात रोम. समोर खाली आफ्रिकेच्या किनाऱ्यावर कार्थेज, म्हणजे आजच्या ट्युनिस शहराच्या शेजारीच. दोघांच्या मधे सिसिली बेट. कार्थेज ही व्यापाऱ्यांची आणि जहाजांची नगरी, लोक मूळचे फिनिशियन, रोमन त्यांना पोएनी म्हणायचे म्हणून या युद्धांचं नाव प्यूनिक युद्धं. पहिलं युद्ध इ.स.पू. 264 ते 241, सिसिलीवरून पेटलं आणि रोमने जिंकलं. कार्थेजवर जबर खंडणी बसली, आणि पुढे कार्थेज स्वतःच्याच भाडोत्री सैनिकांच्या बंडात होरपळत असताना रोमने सार्डिनियाही घशात घातलं. हे कार्थेजवाले विसरले नाहीत. त्यांचा सेनापती हॅमिल्कार बार्का स्पेनमध्ये गेला, तिथे मुलूख जिंकला, चांदीच्या खाणी हाताखाली आणल्या. सोबत त्याचा नऊ वर्षांचा मुलगा होता, हॅनिबल.

इ.स.पू. 218 मध्ये हाच मुलगा मोठा होऊन फौज आणि 37 हत्ती घेऊन निघाला आणि आल्प्स ओलांडून थेट इटलीत उतरला. (हत्तींवरून एक सांगायचं राहू नये. पॉलिबियस नावाचा ग्रीक इतिहासकार कार्थेजच्या माहुतांना सरळ 'भारतीय' म्हणतो. म्हणजे त्या काळी भूमध्य समुद्राकाठी हत्ती हाकणारा तो भारतीय, असं समीकरणच होऊन बसलं असावं, माणूस कुठलाही का असेना.)

टाकी आणि विहीर

आता मूळ प्रश्नाकडे. हॅनिबल पिरेनीज डोंगर ओलांडून निघाला तेव्हा 50 हजार पायदळ आणि 9 हजार घोडेस्वार होते, आणि इटलीत पोचले तेव्हा उरले 20 हजार पायदळ आणि 6 हजार घोडेस्वार. हा खाली उतरलेला आकडा त्याने स्वतःच कोरून ठेवलेला होता आणि पॉलिबियसने तो लेख डोळ्यांनी बघितला. याउलट रोमकडे आणि त्याच्या दोस्त शहरांकडे, इ.स.पू. 225 च्या मोजणीप्रमाणे, हत्यार उचलू शकतील असे 7 लाखांच्या वर पायदळ आणि 70 हजार घोडेस्वार होते.

हे असं समजा. एकाकडे सिमेंटची टाकी आहे, पाणी फर्स्ट क्लास, पण लांबून टँकर आला तरच भरणार. दुसऱ्याकडे जिवंत झऱ्यांची विहीर आहे. विहीर तुम्ही उपसून कोरडी केलीत तरी सकाळी पुन्हा दोन हात पाणी येतं. हॅनिबलची फौज टाकी होती, रोम विहीर. हॅनिबल ट्रेबिया नदीवर जिंकला, ट्रासिमीन तळ्याकाठी जिंकला, कॅनीला जिंकला, दर वेळी विहीर उपसली, आणि दर वेळी पाणी परत आलं. समुद्रावर रोमचं आरमार होतं त्यामुळे कार्थेजहून त्याला थेट मदत म्हणावी अशी एकदाच मिळाली, तीही काही हजार स्वार आणि 40 हत्ती एवढीच. त्याचा हिशोब असा होता की आपण जिंकत गेलो की रोमची दोस्त शहरं फुटतील आणि झरेच आटतील. कापुआसारखं मोठं शहर फुटलंही. पण रोमच्या आजूबाजूची लॅटिन शहरं हलली नाहीत.

पण म्हणून रोम आपोआप जिंकलंच असतं असं बिलकुल नाही, ही चूक बरेच जण करतात. इ.स.पू. 209 मध्ये 30 पैकी 12 लॅटिन वसाहतींनी रोमला स्पष्ट सांगितलं की आता आमच्याकडे ना माणसं उरली ना पैसा. झरे आटायला लागले होते. कुणीतरी जाऊन टँकर येतो तिथला नळ बंद करायला हवा होता.

सतरा वर्षांचा पोरगा

स्किपिओचं नाव पहिल्यांदा येतं ते टिसिनस नदीवरच्या चकमकीत, इ.स.पू. 218. त्याचे वडील त्या वर्षी कॉन्सल होते. कॉन्सल म्हणजे रोमने वर्षभरासाठी निवडून दिलेल्या दोन प्रमुखांपैकी एक, कारभारही त्यांच्याकडे आणि फौजही. वडील जखमी होऊन वेढ्यात सापडले तेव्हा सतरा वर्षांच्या मुलाने घोडा घातला आणि त्यांना बाहेर काढलं, असं पॉलिबियस सांगतो.

दोन वर्षांनी कॅनी. इ.स.पू. 216, 2 ऑगस्ट, दक्षिण इटलीतला अपुलिया प्रांत. रोमने 80 हजारांच्या वर माणूस उभा केला होता आणि संध्याकाळपर्यंत, लिव्ही या रोमन इतिहासकाराचा कमी आकडा धरला तरी, 48 हजार मेले. एका दिवसात, एका शेतात, तलवारी आणि भाल्यांनी. वाचलेले काही हजार जण जवळच्या कॅन्युसियम गावात जमले, त्यात विशीतला स्किपिओ होता. तिथे त्याला कळलं की काही खानदानी तरुण अधिकारी आता सगळं संपलं म्हणून समुद्रापार पळून जायचा बेत करतायत, तर हा तलवार उपसून त्यांच्या बैठकीत घुसला आणि एकेकाकडून शपथ घेतली की रोमला सोडणार नाही, कुणाला सोडूही देणार नाही.

वाचले त्यांचं काय झालं

या भागासाठीच खरं तर मला हा लेख लिहायचा होता. कॅनीतून जीव वाचवून आलेल्या साध्या सैनिकांना रोमने शाबासकी दिली नाही, शिक्षा दिली. त्यांच्या लीजन बनवून (लीजन म्हणजे साधारण चार ते पाच हजार पायदळाचं पथक) त्यांना सिसिलीत धाडलं, आणि हुकूम असा की इटलीतून शत्रू जाईपर्यंत घरी यायचं नाही. हॅनिबलने पकडलेल्यांना तर सेनेटने, म्हणजे रोमच्या वडीलधाऱ्यांच्या सभेने, पैसे देऊन सोडवायलाही नकार दिला, त्याऐवजी 8 हजार गुलाम विकत घेऊन त्यांच्या हातात शस्त्रं दिली. सिसिलीतल्या त्या लोकांनी मार्सेलस या सेनापतीकडे अर्जही केला होता. त्याच रणातून पळालेले आमचे अधिकारी आज पदं भोगतायत, मग एकट्या आम्हालाच ही सजा का, असा सरळ सवाल त्यात होता. सेनेटने ऐकलं नाही.

हे लोक वर्षानुवर्षं तिथे पडून राहिले. त्यांना तिथेच ठेवू, परत त्यांच्याकडे यायचंय.

स्पेनमधला नळ

इ.स.पू. 211 मध्ये स्पेनमध्ये लढणारे स्किपिओचे वडील आणि काका महिन्याभराच्या आत एकामागोमाग मारले गेले. त्या जागी जायला म्हणे कुणी पुढेच येईना, आणि मग हा चोवीस पंचवीस वर्षांचा मुलगा उभा राहिला. नियमाने त्याला हे पद मिळायलाच नको होतं, आधीची मोठी पदं त्याने भूषवलेलीच नव्हती, तरी लोकांनी त्याला निवडून दिलं.

स्पेन का महत्त्वाचं होतं? कारण तिथूनच चांदी आणि माणसं यायची. प्लिनी नावाचा रोमन लेखक लिहितो की बेबेलो नावाची एकटी खाण हॅनिबलला रोज 300 रोमन पौंड चांदी द्यायची, म्हणजे आपल्या मापाने जवळजवळ 100 किलो. स्किपिओ तिथे पोचला तेव्हा कार्थेजच्या तीन फौजा स्पेनमध्ये होत्या. पण तिघा सेनापतींचं आपसात पटत नव्हतं, तिन्ही फौजा लांब लांब होत्या, आणि त्यांच्या मुख्य ठाण्यापासून, म्हणजे न्यू कार्थेजपासून, तिन्ही निदान दहा दहा दिवसांच्या वाटेवर होत्या. खजिना तिथे, जहाजं तिथे, स्पेनच्या सरदारांची ओलीस ठेवलेली मुलंमाणसं तिथे, आणि शिबंदी मात्र जेमतेम. स्किपिओने एकाही फौजेला हात न लावता सरळ त्या ठाण्यावर झडप घातली, इ.स.पू. 209.

शहराच्या एका बाजूला समुद्र, एका बाजूला खाजण. पुढून तटावर जोरात हल्ला चालू ठेवला, सगळी शिबंदी तिकडे धावली, आणि नेमकं पाणी उतरल्यावर 500 माणसं शिड्या घेऊन खाजणातून चालत गेली आणि मोकळ्या तटावर चढली. कोकणातल्या माणसाला ओहोटीचं वेगळं सांगायला नको, पण भूमध्य समुद्राला भरतीओहोटी अगदी थोडी, त्यामुळे पाणी वाऱ्याने हटलं की कशाने यावर अभ्यासकांचे अजून वाद आहेत. महत्त्वाचं हे की स्किपिओने आधीच कोळ्यांकडून माहिती काढली होती की ते खाजण उथळ आहे. सैनिकांना मात्र त्याने सांगितलं की समुद्रदेव नेपच्यून स्वप्नात येऊन मदतीचं वचन देऊन गेलाय.

शहर पडल्यावर त्याने जे केलं ते मला लढाईपेक्षा मोठं वाटतं. तिथे 300 च्या वर ओलीस होते, त्यांना त्याने घरी पाठवायची व्यवस्था केली. ज्यांची पोरं परत आली ते स्पॅनिश सरदार हळूहळू त्याच्या बाजूला झुकले. मग फौजेची कसरत, पॉलिबियसने ती दिवसवार दिलीय: पहिल्या दिवशी चिलखतासकट साधारण साडेपाच किलोमीटर पळायचं, दुसऱ्या दिवशी हत्यारं घासूनपुसून दाखवायची, तिसऱ्या दिवशी आराम, चौथ्या दिवशी लाकडी तलवारींनी खेळायचं, पाचव्या दिवसापासून पुन्हा पहिलं. वाचायला साधं वाटतं, पण पुढच्या प्रत्येक लढाईत ही फौज जे करू शकली ते यामुळेच.

इ.स.पू. 206 मध्ये इलिपाला शेवटची मोठी लढाई झाली. रोज संध्याकाळकडे दोन्ही फौजा बाहेर यायच्या, समोरासमोर उभ्या राहायच्या आणि न लढता परत जायच्या. रोज स्किपिओचे रोमन मधे आणि स्पॅनिश साथीदार दोन्ही बगलांना. समोरच्याला सवय झाली. मग एके दिवशी त्याने पहाटेच सगळ्यांना जेवायला घातलं, उजाडताच हल्ला केला आणि रचना उलटी, रोमन बगलांना आणि स्पॅनिश मधे. कार्थेजची माणसं उपाशीपोटी धावत बाहेर आली, सवयीप्रमाणे आपली उत्तम फौज मधे लावली, आणि ती तिथे नुसती उभी राहिली कारण मधले स्पॅनिश पुढे येतच नव्हते. तेवढ्या वेळात बगला कापल्या गेल्या. कॅनीचा धडा कुणी मन लावून शिकलं असेल तर ते इथे दिसतं.

घोडेस्वार कुणाचे?

कॅनीला हॅनिबलकडे 10 हजार घोडेस्वार होते आणि रोमकडे 6 हजार. खरा फरक तिथे पडला, मागून येऊन सापळा बंद केला तो घोडदळाने. या घोडदळात नुमिडियाचे स्वार होते, म्हणजे आजच्या अल्जीरियाच्या बाजूचे, लगाम न लावता घोडा फेकणारे. त्यांचा राजपुत्र मॅसिनिसा स्पेनमध्ये कार्थेजकडून लढत होता, अगदी स्किपिओच्या वडिलांविरुद्धसुद्धा. लिव्ही सांगतो की एका लढाईत मॅसिनिसाचा लहानगा भाचा पकडला गेला, तर स्किपिओने त्याला अंगठी, कपडे आणि घोडा देऊन, सोबत माणसं देऊन मामाकडे परत पाठवलं. मॅसिनिसा पुढे रोमकडे आला, त्याची स्वतःची कारणंही होती, गादीचा वाद होता, पण सुरुवात तिथे झाली. स्किपिओ माणूस मारण्याआधी माणूस फोडता येतो का ते बघायचा.

पण रोम तर फेबियसने वाचवलं ना?

हो, वाचवलं. फेबियस हा तो म्हातारा सेनापती ज्याने ठरवलं की हॅनिबलशी मैदानात भिडायचंच नाही, डोंगराडोंगराने त्याच्या मागे राहायचं, त्याची दाणावैरण तोडायची. आपल्याला वाचताना लगेच गनिमी कावा आठवतो, आणि काही प्रमाणात ते बरोबरही आहे, फक्त इथे आपल्याच शेतकऱ्यांची पिकं जळताना बघत गप्प उभं राहायचं होतं आणि ते लोकांना सहन होत नव्हतं. फेबियस नसता तर स्किपिओला लढायला रोमच उरलं नसतं हे मी मान्य करतो. पण स्किपिओ इ.स.पू. 205 मध्ये कॉन्सल झाला आणि म्हणाला की आता आफ्रिकेत जाऊ, कार्थेजच्या दारात, म्हणजे हॅनिबलला आपणहून इटली सोडावी लागेल, तेव्हा सगळ्यात जोरात विरोध फेबियसनेच केला. हॅनिबल अजून घरात बसलाय आणि तू बाहेर निघालास, असा त्याचा मुद्दा. शेवटी सेनेटने परवानगी दिली पण हात बांधून दिली, सिसिली प्रांत घे, वाटलं तर पलीकडे जा, सैन्यभरती मात्र करायची नाही. स्वतःहून येणारे 7 हजार जण तेवढे त्याला मिळाले.

आणि सिसिलीत कोण होतं? कॅनीचे ते लोक. दहा वर्षांच्या वर झाली होती, केस पिकले होते, कुणी त्यांच्याकडे बघायला तयार नव्हतं. लिव्ही लिहितो की स्किपिओने त्यांना कमी लेखलं नाही, कारण कॅनीची हार त्यांच्या भित्रेपणाने झाली नाही हे त्याला माहीत होतं. माहीत असणारच, तो तिथे होता. ज्यांची शरीरं साथ देत नव्हती ते मागे ठेवले, बाकीच्यांना घेऊन इ.स.पू. 204 मध्ये तो आफ्रिकेत युटिकाजवळ उतरला.

जळालेल्या छावण्या

सगळंच काही अभिमानाने सांगण्यासारखं नाही. समोर कार्थेजची फौज आणि नुमिडियाचा दुसरा राजा सायफॅक्स, दोघांच्या छावण्या गवताच्या, फांद्यांच्या आणि लाकडाच्या झोपड्यांच्या. स्किपिओने तहाची बोलणी सुरू केली, आणि वकिलांसोबत नोकरांच्या वेशात आपले मुरलेले शिपाई पाठवून छावण्यांचे रस्ते, दरवाजे, पहारे सगळं टिपून घेतलं. मग बोलणी थांबवली आणि इ.स.पू. 203 च्या वसंतात एका रात्री दोन्ही छावण्यांना आग लावली. लोक झोपेतून उठून पळाले ते दारात उभ्या असलेल्या तलवारींवर. पॉलिबियस याला त्याचं सगळ्यात धाडसी काम म्हणतो. मला ते वाचताना दर वेळी अंगावर काटा येतो आणि कौतुक करावंसं वाटत नाही. युद्धात चालतं असं म्हणणारे म्हणतील, पण तहाच्या बोलण्याची आड घेऊन केलेली ही गोष्ट आहे, ती तशीच सांगितली पाहिजे.

त्यानंतर आणखी एक लढाई, सायफॅक्स कैद, मॅसिनिसाला राज्य, आणि कार्थेजने हॅनिबलला परत बोलावलं. पंधरा वर्षं इटलीत राहिलेला माणूस एकही मोठी लढाई न होता इटलीतून निघून गेला. स्किपिओ म्हणाला होता तसंच झालं.

झामा

इ.स.पू. 202. आफ्रिकेतल्या झामाला लढाईआधी दोघे सेनापती दुभाषे घेऊन मोकळ्या माळावर भेटले. हॅनिबलने तह सुचवला, स्किपिओने नाकारला.

हॅनिबलकडे 80 हत्ती होते. रोमन पायदळाच्या तीन रांगा असायच्या आणि पथकं बुद्धिबळाच्या पटासारखी, पुढच्या फटीच्या मागे मागचं पथक. स्किपिओने त्या दिवशी सगळी पथकं एकामागे एक सरळ लावली, म्हणजे फौजेत आरपार गल्ल्या तयार झाल्या, आणि गल्ल्यांच्या तोंडाशी हलके भालेवाले उभे करून त्या झाकल्या. हत्ती आले, शिंगं तुताऱ्या एकदम वाजल्या, काही हत्ती बिथरून आपल्याच घोडदळावर उलटले, बाकीचे माणसं टाळत गल्ल्यांतून निघून गेले. मॅसिनिसा 4 हजार स्वार घेऊन आला होता, त्याने आणि स्किपिओचा मित्र लेलियस याने समोरचं घोडदळ पळवून लावलं आणि त्याच्यामागे दिसेनासे झाले.

मग पायदळ. हॅनिबलनेही तीन रांगा केल्या होत्या आणि इटलीतले आपले जुने शिपाई मुद्दाम मागे राखून ठेवले होते. पहिल्या दोन रांगा मोडल्या, मधलं रान प्रेतांनी आणि रक्ताने निसरडं झालं. अशा वेळी फौज जिंकतोय म्हणून धावत सुटते. स्किपिओने तुतारी वाजवून त्यांना परत बोलावलं, जखमी मागे नेले, मागच्या रांगा दोन्ही बगलांना लावून एकच लांब ओळ केली आणि मग पुढे गेला. ऐन लढाईत हे जमणं म्हणजे काय ते स्पेनमधल्या त्या पळण्याच्या कसरतीवरून समजून घ्या. दोन्हीकडचे कसलेले लोक समोरासमोर आले, कुणीच हटेना, आणि तेवढ्यात मॅसिनिसा आणि लेलियसचे स्वार परत आले आणि हॅनिबलच्या पाठीवर पडले. ऍनिमेशनमधला तोच शेवट, फक्त रंग उलटे.

पण हॅनिबलची फौज तर नवखी होती?

अर्धी होती, खरंय. त्याचं घोडदळ कमी होतं, हत्तीही नीट न शिकवलेले असावेत. लोक म्हणतात बरोबरीची फौज असती तर स्किपिओ हरला असता, असेलही. पण मग विचारा की घोडदळ कमी का पडलं? कारण नुमिडिया फुटला होता. जुनी माणसं थोडी का? कारण स्पेन गेलं होतं. ही कमतरता स्किपिओने चार पाच वर्षं घालवून तयार केली होती. झामाचा दिवस स्पेनमध्येच सुरू झाला होता.

दुसरी शंका जास्त रास्त आहे: हे सगळं सांगणारा पॉलिबियस नंतर स्किपिओच्याच घराण्याच्या जवळचा माणूस होता, आणि स्किपिओचा जिवलग मित्र लेलियस याच्याकडून त्याने ऐकलेलं. त्यामुळे वडिलांना वाचवल्याची कथा थोडी चढवलेली असू शकते, लिव्हीच्या वेळी दुसरी एक कथा होतीच की एका लिगुरियन गुलामाने कॉन्सलला वाचवलं. पण कार्थेज तहात काय काय देऊन बसलं त्यावर वाद नाही. 50 वर्षांत 10 हजार टॅलेंट (हे त्या काळचं वजनाचं माप) चांदी, सगळे हत्ती, 10 सोडून सगळ्या युद्धनौका, आणि रोमला विचारल्याशिवाय युद्ध करायचं नाही.

स्किपिओला 'आफ्रिकानस' ही पदवी मिळाली. पुढे त्याच्याच शहराने त्याच्या घरावर पैशाच्या अफरातफरीचे आरोप लावले, तो चिडून इटलीतल्याच लिटर्नम गावी जाऊन राहिला आणि तिथेच इ.स.पू. 183 च्या सुमारास गेला.

सेनेटने आफ्रिकेच्या मोहिमेवरच्या शिपायांना मात्र जमिनी द्यायचं ठरवलं. स्पेन किंवा आफ्रिकेतल्या दर वर्षाच्या चाकरीमागे दोन युगेरा, म्हणजे आपल्या हिशोबाने सव्वा एकर. जमीन इटलीतल्याच सामनियम आणि अपुलिया प्रांतांतली, जी फुटलेल्या शहरांकडून जप्त केलेली होती. कॅनी अपुलियातच आहे.